दारात आलेल्या सिस्टरला आत घ्या: बाळाच्या गृहभेटींबद्दल सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून सोलापूर जिल्ह्यातच नोकरी केली. बरीच वर्षं दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यातल्या वाड्यावस्त्या, आणि शेवटी शहराला लागून असलेल्या कामगार वसाहती. निवृत्त झाले तरी प्रश्न थांबले नाहीत. भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी हटकतंच, "मॅडम, काल डोस दिला आन् रात्रभर अंग तापलंय." खालचे प्रश्न असेच ओट्यावर, अंगणवाडीच्या दारात, एसटीच्या बाकावर विचारलेले आहेत. तिथं समोर बसून जसं सांगते तसंच इथं लिहिलंय.

हेल्थ व्हिजिटर म्हणजे नेमकी कोण? आमच्याकडं कधी आशाताई येते, कधी सिस्टर.

घरी येणाऱ्या बायका तीन-चार, आणि लोक सगळ्यांनाच "सिस्टर" म्हणतात, त्यामुळं हा गोंधळ होतोच. सगळ्यात जवळची ती आशा. ती तुमच्याच गावातली नाहीतर गल्लीतली असते, गावाकडं साधारण हजार माणसांमागं एक. तिच्यानंतर आरोग्य सेविका, म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई. लस तीच टोचते. आपल्याकडच्या सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र धरतात. आरोग्य सहाय्यिका म्हणजे जुन्या भाषेतली 'लेडी हेल्थ व्हिजिटर', कागदोपत्री एलएचव्ही. प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या साधारण सहा उपकेंद्रांचं काम ती बघते, अडलेल्या घरी स्वतः जाते, नव्या सेविकेला हाताला धरून शिकवते. अंगणवाडीताई वेगळ्या खात्याची. वजन, उंची आणि आहार तिच्याकडं. शहरात हेच काम महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांतून चालतं.

कोण आली हे कळलं नाही तर सरळ विचारा, "ताई, तुम्ही कुठल्या केंद्राच्या?" त्यात कुणाला राग येत नाही.

घरोघर फिरायची ही पद्धत आली कुठून?

इंग्लंडात मँचेस्टर आणि सॅल्फर्डच्या गिरणी वस्त्यांत १८६२ साली काही बायकांनी घरोघर जाऊन स्वच्छता आणि बाळाची निगा शिकवायला सुरुवात केली. चाळीत एका खोलीत आठ माणसं आणि आई कामावर, हे चित्र गिरणगाव असलेल्या सोलापूरला नवं नाही. आपल्याकडं दिल्लीत १९१८ मध्ये लेडी रीडिंग हेल्थ स्कूल निघालं आणि हेल्थ व्हिजिटर तयार होऊ लागल्या. १९४६ च्या भोर समितीनं प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनं गावपातळीवरच्या सेवकांची आणि त्यांच्यावरच्या पर्यवेक्षकांची आजची घडी घालून दिली.

पण आज आशाताई पिशवीत वजनकाटा घालून तुमच्या घरी येते, त्याचं मूळ महाराष्ट्रातच आहे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी, ज्या गावांत ही सोय नव्हती त्यांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आशांमार्फत सुरू झाली. दवाखान्यापासून लांब, रस्ता नाही, वीज नाही अशा गावात शेजारच्या बाईनं ते करून दाखवलं. मला तरी याचा फार अभिमान वाटतो.

बाळंतपण दवाखान्यात झालं, डॉक्टरांनी सगळं ठीक म्हणून घरी सोडलं. मग परत घरी येऊन काय बघायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून याचं उत्तर जरा लांब देते.

एक वर्षाच्या आत जी बाळं दगावतात, त्यांतली निम्म्याहून जास्त पहिल्या २८ दिवसांत जातात, आणि त्यातही पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. साधं बाळंतपण असेल तर दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. म्हणजे धोक्याचे बरेचसे दिवस बाळ घरात, पडद्याआड, दुपट्यात गुंडाळलेलं असतं. इतकं लहान बाळ आजारी पडलं की ओरडत नाही, ते गप्प होतं. आणि गप्प बाळाला घरची माणसं "शहाणं बाळ" म्हणतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. एका वस्तीवर सातव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. दारातच आजी म्हणाल्या, "बाळ झोपलालंय, आत्ताच उठवू नका." ऊन डोक्यावर आलं होतं, पुढं आणखी चार घरं बाकी होती. मी बाळंतिणीची चौकशी केली, वहीत खूण केली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, पहाटे बाळाला श्वास घेता येईना म्हणून सोलापूरला हलवलं. निमोनिया होता. बाळ वाचलं, आज ते कॉलेजात आहे. पण आदल्या दिवशी मी दुपटं उघडलं असतं तर छाती आत ओढली जाताना मला दिसली असती. ती चूक माझी होती. त्यानंतर एकाही घरातून मी बाळ उघडून न बघता परतले नाही.

गृहभेट असते ती यासाठी. दवाखान्यात बाळ दिसतं, घर दिसत नाही. खोलीत ऊब किती आहे, आई अंगावर कशी घेते, बाळाला बाटली लागलीय का, चूल कुठं आहे, पाणी कशात साठवलंय, हे उंबरा ओलांडल्याशिवाय कळत नाही.

कोणकोणत्या दिवशी यायला पाहिजे?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. त्यानंतर बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर पुन्हा पाच. या पुढच्या भेटी २०१८ पासून सुरू झाल्या. वजन कमी घेऊन आलेलं, दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा काचेच्या पेटीतून घरी आलेलं बाळ असेल तर याहून जास्त फेऱ्या होतात, व्हायलाच हव्यात.

आली की ती करते तरी काय?

आधी हात धुते. साबण आणि पाणी तेवढं द्या. शहरात पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं हे तिलाही माहीत असतं, पण या एका तांब्याला नाही म्हणू नका.

मग बाळाचं तापमान. थर्मामीटर काखेत धरते, तोंडात नाही. मग वजन. हाताच्या काट्याला कापडी झोळी अडकवते, आधी रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणते, बाळाला झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत उचलते आणि बाळ स्थिर झाल्यावर आकडा वाचते. "बाळाला टांगू नका, दृष्ट लागंल," असं म्हणणाऱ्या आज्या भेटतात. मी त्यांनाच जवळ बोलवून काटा वाचायला लावायचे. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला की पुढच्या भेटीला त्याच विचारायच्या, "किती वाढलं?"

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दहा टक्क्यांच्या आत उतरणं आणि दोन आठवड्यांत परत जन्मवजनावर येणं चालतं. नाही आलं तर दूध कमी पडतंय का, बाळ आजारी आहे का ते शोधायचं. जन्मवजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला शिकवते. आई दमली तर आजीनं, बापानं ठेवलं तरी चालतं. त्याला पैसा लागत नाही.

नाळ बघते. नाळेला तेल, हळद, राख, शेण, पावडर, काहीही लावायचं नाही. ती कोरडी राहिली की आपोआप गळते. मग एका मिनिटात किती श्वास हे घड्याळ लावून मोजते. त्या मिनिटभर घरातल्यांनी बोलू नये, एवढीच विनंती. शेवटी आईला अंगावर पाजायला सांगते आणि नुसतं बघत बसते. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, फक्त बोंड तोंडात आहे की भोवतालचा काळा भागही आहे. "मला दूधच येत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी आयांचा प्रश्न बाळ धरण्याची पद्धत बदलून सुटलेला मी पाहिलाय.

बाळंतपण माहेरी झालं, नाव सासरच्या यादीत. मग कुठली आशा येणार?

बाळ जिथं आहे तिथली. पण तिला कळलं तर! इथंच बाळं हातची सुटतात. मुलगी बार्शीहून अक्कलकोटला बाळंतपणाला येते, सव्वा महिन्यानं परत जाते, आणि दोन्हीकडच्या आशांना वाटतं की दुसरी बघतेय. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलात की पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाला सांगा आणि माता व बाल संरक्षण कार्ड दाखवा. परत जाताना दोन्हीकडच्या आशांचे फोन नंबर घ्या. कार्ड ट्रंकेत ठेवू नका, पर्समध्ये ठेवा. लसीची नोंद आता यू-विन या संगणकी नोंदणीतही होते, तरी कागदी कार्ड हरवू देऊ नका.

सासूबाई घुटी, मध, काजळ, शेगडी सगळं सांगतात. सिस्टर नको म्हणते. ऐकायचं कुणाचं?

सासूबाईंचं सगळंच चुकतं असं नाही. बाळंतिणीला उबेत ठेवणं, तिला सव्वा महिना विसावा देणं, डिंकाचे-मेथीचे लाडू, आळीवाची खीर, हे त्यांचं म्हणणं मी कधीच मोडलं नाही. हलक्या हातानं तेलाचं मालिशही चालतं, नाकाकानात तेल सोडायचं नाही एवढंच.

जे चालत नाही ते मात्र स्पष्ट सांगते. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात असणाऱ्या जंतूंमुळं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. घुटीचं सहाणेवर उगाळलेलं पाणी कितीही स्वच्छ वाटलं तरी तो जंतूंचा रस्ता आहे, आणि घोटभर घुटीनं बाळाचं पोट भरून दूध कमी जातं. काजळ डोळ्यात नको. दृष्टीची तीट लावायची तर तळपायाला लावा. बंद खोलीत धुरी आणि शेगडी नको. धुरानं बाळाची छाती भरते, आणि कोंडलेल्या खोलीतली कोळशाची शेगडी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. पोट फुगलं म्हणून बिब्ब्यानं किंवा तापलेल्या सळीनं डाग देणं हा तर बाळावर अत्याचार आहे. इथं मी मवाळ बोलत नाही.

आणि चिकाचं दूध! "पिवळं आहे, पिळून टाका" असं अजूनही कानावर येतं. तो बाळाचा पहिला डोस समजा. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं. सिझेरियन असेल तरी लवकरात लवकर.

पाचवीची पूजा करा, बारसं थाटात करा. फक्त बारशाला आलेल्या प्रत्येकीनं बाळाचा मुका घेऊ नये. सर्दी-खोकला असलेल्यानं तर बाळाच्या जवळच जाऊ नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजलं नाही तर घसा नाही का वाळणार?

नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा हा प्रश्न रोज येतो. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. तहान लागली की बाळ जास्त वेळा पितं, तेवढं पाजायचं. पाणी आईनं प्यायचं. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल तर त्याला पुरतंय. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. त्यात आपल्याकडं पाणी पिंपात चार-चार दिवस साठवलेलं. त्या पाण्याचा चमचा म्हणजे जुलाबाला आमंत्रण.

पत्र्याच्या घरात दुपारी बाळाला स्वेटर-टोपी घालू नका. छताला ओली गोणपाटं टाका, बाळाला सुती झबलं पुरे. कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी चालतं.

मी घरी विड्या वळते. बाळ मांडीजवळच असतं. काही होतं का?

होतं. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, आणि शेजारी पाळणा, हे दृश्य मी कुंभारीच्या वसाहतीत आणि शहराच्या पूर्व भागात शेकडो वेळा पाहिलंय. तंबाखूची धूळ बाळाच्या नाकात जाते, आणि तेच हात छातीला लागतात. काम सोड असं मी कुणाला सांगितलं नाही, घर त्यावर चालतं. पण पाळणा दुसऱ्या खोलीत किंवा निदान दाराकडच्या मोकळ्या हवेत ठेवा, पाजायच्या आधी साबणानं हात धुवा आणि पदर बदला. सूप झाकून ठेवा. रांगतं बाळ तंबाखू तोंडात घालतं, आणि ते विष आहे. तसं झालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आम्ही ऊसतोडीला आलोय, इथं नाव नाही. डोस मिळेल का?

मिळेल. लसीला गावाचं नाव लागत नाही. जिल्ह्यात कारखाने खूप, दिवाळीच्या सुमारास कोपी, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, पडायला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत टोळ्या फडात असतात. बाळाचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस नेमके त्या काळात येतात. जवळच्या गावातल्या आशाला निरोप द्या, किंवा अंगणवाडीत जा. कोपीत गाड्याच्या चाकाजवळ आणि चुलीजवळ बाळ झोपवू नका, हेही इथंच सांगते.

इतक्या सुया एकदम कशाला? आणि दिल्यावर ताप का येतो?

दीड आणि साडेतीन महिन्याला तीन सुया आणि तोंडावाटे दोन डोस असतात. पेंटा, पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूच्या निमोनियावरची लस) आणि पोलिओची सुई, शिवाय पोलिओचे थेंब आणि रोटाचा (जुलाबावरच्या लसीचा) डोस. एकटी पेंटाच पाच रोगांवरची लस आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब जंतूमुळं होणारा मेंदूज्वर व निमोनिया. जन्मल्यावर बीसीजी (क्षयावरची लस), पोलिओचा शून्य डोस आणि काविळीची लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या सुईचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. दीड वर्षाच्या आसपास गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर. बऱ्याच आया नऊ महिन्यांनंतर कार्ड कपाटात ठेवतात. दीड वर्षाचं विसरू नका.

पेंटानंतर अंग तापलं, मांडी थोडी सुजली तर शरीर लस शिकतंय असं समजा. सिस्टरनं दिलेलं पॅरासिटामॉल तिनं सांगितलेल्या मापात द्या, अंगावर पाजत राहा, मांडी चोळू नका, बर्फ-हळद लावू नका. डोस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. घाईनं गाडीला किक मारणारे बाबा मी खूप पाहिलेत, त्यांना मी बाकावर बसवून ठेवायचे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येऊन फुटते आणि व्रण राहतो. त्याला मलम लावायचं नाही, ती लस लागल्याची खूण आहे.

ताप दोन दिवसांच्या वर राहिला, झटका आला किंवा बाळ कशानंही शांत न होता तासन्‌तास रडत राहिलं तर मात्र कळवा.

एक डोस चुकला. आता पहिल्यापासून सगळं?

नाही. जिथं थांबला तिथून पुढं. लाजू नका, फक्त या. सर्दी किंवा बारीक ताप असला तरी लस देता येते.

सहा महिन्यांनंतर काय खायला घालायचं? बिस्किट चालतं ना?

बिस्किट आणि चहा, हेच आपल्या जिल्ह्यातल्या बाळांचं खाणं झालंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. घरात मंगळवेढ्याची ज्वारी आहे, तूर आहे, शेंगा आहेत, आणि बाळाच्या हातात पाच रुपयांचा पुडा!

सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. मऊ भात आणि घट्ट वरण, वर थोडं तूप. ज्वारीच्या पिठाची पेज. मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, भरडून नव्हे तर बोटांनी पार मऊ करून. बटाटा, भोपळा, पालक उकडून. खात असाल तर अंडं. शेंगदाण्याचा बारीक कूट वरणात घाला, अख्खा दाणा कधीच देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. हुलग्याचं माडगं थोडं पातळ करून, तिखट न घालता देता येतं. पेज इतकी पातळ नको की चमच्यावरून पाण्यासारखी गळावी. चमचा वाकडा केला तर हळूच सरकावी, एवढी दाट हवी. नऊ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढं तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू.

बाळाची ताटली वेगळी ठेवा. आईच्या ताटातून भरवलं की किती खाल्लं ते कळत नाही. या वयापासून लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिली, सिस्टरकडं मिळतं. शी काळी होते, घाबरू नका.

दंडाला लावायची ती रंगीत पट्टी कसली? आमची लाल आली.

तो दंडघेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लावतात. साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. ऐकायला कठोर आहे आणि आया रडायला लागतात. "आम्ही काय पोराला उपाशी ठेवतो का?" असं एकीनं मला विचारलं होतं. नाही बाई, ठेवत नाहीस. वारंवारचे जुलाब, पातळ आमटीभात, लागोपाठचं बाळंतपण, यातून हे होतं.

लाल आली की आधी बाळाची भूक तपासतात आणि इतर आजार बघतात. भूक चांगली आणि आजार नसेल तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा खास आहार देऊन वजन वाढवतात. भूक मेली असेल, पायावर सूज असेल किंवा ताप-निमोनिया असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे भरती करावं लागतं. मजुरी बुडते म्हणून चौथ्या दिवशी बाळ घरी नेऊ नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि सुमारे २६ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी निघाली. त्यामुळं लाल पट्टी हा एखाद्या घराचा गुन्हा नाही.

कोणत्या वेळी सिस्टरची वाट न बघता थेट दवाखान्यात जायचं?

हे कागदावर लिहून दाराच्या मागं चिकटवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढेनासं झालं. हाक मारून, तळपायाला टिचकी मारून जागं होईना. झटका आला. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो. अंग तापलंय, किंवा उलट हातपाय आणि पोटही गार पडलंय. पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले. नाळेभोवती लाली किंवा पू.

यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं आणि उपचार मोफत आहेत, त्यासाठी १०२ ची गाडीही असते. जिल्ह्यातल्या गंभीर बाळांना शेवटी सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'ला आणतात. वाटेत बाळाला आईच्या छातीशी धरून न्या, उबेत राहील.

कोवळं ऊन दाखवलं की कावीळ जाते, यावर विसंबून राहू नका.

जुलाब लागले तर?

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्ध्या पाकिटाचा हिशोब करू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्याहून मोठ्याला एक. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. खाणं, दूध बंद करायचं नाही. शीत रक्त, डोळे खोल गेलेले, शू थांबलेली असेल तर दवाखाना.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, आजीला मराठी नीट येत नाही.

पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, काही मोहल्ल्यांत दखनी. बहुतेक आशा त्याच गल्लीतल्या असल्यामुळं अडत नाही. मी स्वतः अक्कलकोट तालुक्यात 'हालु' आणि शहरात 'पालु' हे दुधाचे दोन शब्द आधी शिकले आणि मग बाकीचं. नवी सिस्टर असेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बसवा, पण औषधाचं माप आजीकडून परत म्हणून घ्या.

आम्ही खासगी बालरोगतज्ज्ञांकडं जातो. तरी यायची गरज आहे?

हो. डॉक्टर तुमचे तेच ठेवा, लसही तिथं घ्या हवं तर. फक्त कार्डावर नोंद दाखवा आणि बाळ बघू द्या.

पैसे द्यावे लागतात का?

नाही. चहा विचारलात तर बास.

बाळ झाल्यापासून सून सारखी रडते. हेही सिस्टरला सांगायचं?

जरूर सांगा. पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही रडू, झोप उडालेली, बाळाकडं बघावंसं न वाटणं, "मी नसलेलीच बरी" असे विचार असतील तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचं बोलत असेल तर तिला एक मिनिटही एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. मुलगी झाली म्हणून टोमणे बसलेल्या बाळंतिणी मी पाहिल्यात. त्यांचं दूध आटायचं कारण तपासायला मला कुठलं यंत्र लागलं नाही.

आमच्याकडं कुणी आलंच नाही. मग?

हे होतं. जागा रिकाम्या असतात, एकेका सेविकेकडं दोन उपकेंद्रांचा भार असतो, आशांना नवजात बाळाच्या सहा भेटी पुऱ्या केल्यावर २५० रुपये मिळतात आणि त्याच वेळी सर्वेक्षणं, मोबाइलमधल्या नोंदी, मोहिमा चालू असतात. माझ्या हाताखालच्या एका आशेला तीन-तीन महिने मोबदला मिळाला नव्हता, तरी ती पावसात चिखल तुडवत सातव्या दिवसाला पोचायची. या बायकांना 'स्वयंसेविका' म्हणून कमी पैशात राबवणं मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही.

पण तुमच्या बाळाला त्याची झळ नको. अंगणवाडीत विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तारीख सांगा, ग्रामसभेत बोला. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन असतो, त्या दिवशी बाळ घेऊन जा.

बापानं काय करायचं?

आशेचा फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा. डोसच्या दिवशी सुट्टी घ्यायची. पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं करायचं, डेंग्यूचे डास तिथंच होतात. बाळाजवळ बिडी-सिगारेट नाही.

उद्या सिस्टर पहिल्यांदा येणार आहे. काय तयार ठेवू?

दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि कार्ड. साबण, पाणी, धुतलेलं फडकं. खिडकीजवळ किंवा दाराजवळ उजेडाची जागा, कारण कावीळ ट्यूबच्या उजेडात नीट ओळखता येत नाही. रात्रीत बाळानं किती वेळा शू केली ते आठवून ठेवा. आजींनाही जवळ बसवा. आणि बाळ झोपलं असलं तरी तिला दुपटं उघडू द्या.